वॉल्टर कोन : पदार्थांचे गुणधर्म गणिताच्या आवाक्यात आणणारा शास्त्रज्ञ

हिरा पारदर्शक असतो, सिलिकॉन करडा व अपारदर्शक असतो, तर कॅडमियम सल्फाइडची भुकटी पिवळी दिसते. तांबे वीज वाहून नेते, काच ती अडवते. या साऱ्या भेदांचे मूळ पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या वर्तनात आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुंजयामिकीची, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्सची, उभारणी झाल्यापासून ज्ञात आहे. इलेक्ट्रॉनांना लागू पडणारी समीकरणे तेव्हाच हाती आली होती. परंतु एखाद्या प्रत्यक्ष पदार्थासाठी ती सोडवणे जवळजवळ अशक्य होते. ही कोंडी फोडणारा मार्ग ज्यांनी दाखवला ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे वॉल्टर कोन होत.

कोन यांनी १९६४ व १९६५ या दोन वर्षांत आपल्या तरुण सहकाऱ्यांसमवेत मांडलेला घनता-फलनक सिद्धांत आज 'डेन्सिटी फंक्शनल थिअरी' किंवा 'डीएफटी' या नावाने जगभर परिचित आहे. सौरघटासाठी नवे द्रव्य शोधणे असो, विद्युत घटाचा ध्रुव घडवणे असो अथवा एखाद्या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर घडणारी अभिक्रिया समजून घेणे असो, प्रयोगापूर्वीची गणिते बहुधा याच सिद्धांताच्या आधारे केली जातात. या कार्याबद्दल कोन यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि भौतिकशास्त्रज्ञ असूनही ते मिळाले रसायनशास्त्राचे.

व्हिएन्ना ते टोरांटो

वॉल्टर कोन यांचा जन्म ९ मार्च १९२३ रोजी ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा कलात्मक पोस्टकार्डे प्रकाशित करण्याचा व्यवसाय होता. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि या कुटुंबाची घडी विस्कटली. व्यवसाय हिरावला गेला, वॉल्टर यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर ज्या ज्यू शाळेत त्यांना प्रवेश मिळाला, तेथील भौतिकशास्त्र व गणिताच्या शिक्षकांनी त्यांच्या मनात या विषयांची गोडी निर्माण केली.

ऑगस्ट १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्यास अवघे तीन आठवडे उरले असताना, ज्यू मुलांना ब्रिटनमध्ये हलवणाऱ्या 'किंडरट्रान्सपोर्ट' या मोहिमेतून ते इंग्लंडला पोहोचले. आईवडील मागे राहिले. त्यांना आधी थेरेझिएनश्टाट आणि नंतर आउश्वित्स येथील छळछावणीत नेण्यात आले. तेथे दोघांचीही हत्या झाली.

ज्या देशाने आश्रय दिला, त्याच देशाने १९४० मध्ये कोन यांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून स्थानबद्ध केले आणि जहाजाने कॅनडातील छावणीत धाडले. छावणीत स्थानबद्ध असलेले विद्वान तरुणांसाठी वर्ग चालवीत. लाकूडतोडीच्या कामाचे दिवसाकाठी २० सेंट मिळत. त्या कमाईतून कोन यांनी हार्डी यांचे शुद्ध गणितावरील आणि स्लेटर यांचे रासायनिक भौतिकीवरील पुस्तक विकत घेतले. जानेवारी १९४२ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी टोरांटो विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील रसायनशास्त्राच्या इमारतीत युद्धविषयक संशोधन चालू होते. त्यामुळे जर्मन नागरिकत्वाची नोंद असलेल्या या विद्यार्थ्याला तिच्यात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. साहजिकच रसायनशास्त्राचे अभ्यासक्रम त्यांना घेता आले नाहीत. त्यांनी गणित व भौतिकशास्त्र निवडले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ज्युलियन श्विंगर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली.

अर्धसंवाहकांचा अभ्यास

१९५० पासून दहा वर्षे कोन पिट्सबर्ग येथील कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अध्यापन करीत होते. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांना बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांचे सहायक म्हणून काम मिळाले आणि पुढे १९६६ पर्यंत त्यांचे तेथे नियमित जाणे-येणे राहिले. ट्रान्झिस्टरचा शोध ताजा होता आणि सिलिकॉन व जर्मेनियम या अर्धसंवाहकांचे अंतरंग समजून घेणे ही काळाची निकड होती.

शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे अत्यल्प अणू मिसळले की त्याची वीजवाहकता कित्येक पटींनी वाढते. फॉस्फरसचा एक जादा इलेक्ट्रॉन आपल्या अणूशी सैलसर बांधलेला असतो. हायड्रोजनच्या अणूपासून इलेक्ट्रॉन सोडवण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमधील फॉस्फरसच्या बाबतीत मात्र सुमारे ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरेशी होते, आणि खोलीच्या तापमानाला तो इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो. असे का घडते, याची काटेकोर गणिती मांडणी कोन आणि क्विन लटिंजर यांनी १९५५ च्या सुमारास केली. स्फटिकात वावरणारा इलेक्ट्रॉन जणू निराळेच वस्तुमान धारण करून फिरतो, ही 'प्रभावी वस्तुमाना'ची कल्पना त्यांनी प्रत्यक्ष सिलिकॉनच्या गुंतागुंतीच्या ऊर्जापट्ट्यांना लागू करून दाखवली. अर्धसंवाहक लेसर व प्रकाशक डायोड यांच्या आराखड्यात आजही ही मांडणी वापरली जाते.

याच काळात नॉर्मन रोस्टोकर यांच्यासह त्यांनी स्फटिकातील ऊर्जापट्टे काढण्याची एक पद्धत विकसित केली. हे कार्य महत्त्वाचे असले तरी प्रत्येक वेळी एखाद्या ज्ञात पदार्थाची प्रयोगाने मिळालेली काही माहिती गृहीत धरावी लागत होती. केवळ अणूंची नावे व स्थाने सांगावीत आणि पदार्थाचे गुणधर्म गणिताने काढावेत, हे उद्दिष्ट दूरच होते.

संख्यांची भिंत

या उद्दिष्टाच्या आड येणारी अडचण साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. इलेक्ट्रॉनांची स्थिती पुंजयामिकीत 'तरंग फलन' या राशीने दर्शविली जाते. एका इलेक्ट्रॉनाचे स्थान सांगण्यास लांबी, रुंदी व उंची असे तीन अंक लागतात. प्रत्येक दिशेला फक्त दहा बिंदू घेतले, तर एका इलेक्ट्रॉनासाठी १,००० ठिकाणची मूल्ये नोंदवावी लागतील. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटत असल्याने दोघांचा विचार एकत्रितच करावा लागतो. म्हणून दोन इलेक्ट्रॉनांसाठी १० लाख आणि तिघांसाठी १०० कोटी मूल्ये लागतात. पाण्याच्या एका रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात. त्याच्या तरंग फलनाच्या नोंदींची संख्या एकावर तीस शून्ये इतकी होते. इतक्या नोंदी साठवू शकेल असा संगणक अस्तित्वात नाही. आणि पदार्थाच्या लहानशा कणातही अब्जावधी रेणू असतात. नोबेल व्याख्यानात कोन यांनी या अडथळ्याला घातांकी भिंत असे संबोधले होते.

पॅरिसमधील शोध

१९६० मध्ये कोन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील नव्या शाखेत रुजू झाले होते. १९६३ च्या शरद ऋतूत ते पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत गेले. तेथे मिश्रधातूंचा अभ्यास करताना त्यांचे लक्ष एका जुन्या प्रश्नाकडे गेले. पितळेसारख्या मिश्रधातूत तांबे व जस्त यांचे अणू विस्कळीतपणे मिसळलेले असतात. अशा वेळी प्रत्येक अणूभोवती इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे, यावरून ऊर्जेचा हिशेब मांडण्याची रीत धातुशास्त्रज्ञांमध्ये होती. थॉमस व फर्मी यांनीही १९२७ च्या सुमारास केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर आधारित एक ढोबळ सिद्धांत मांडला होता. ही घनता खरोखरच पदार्थाची संपूर्ण माहिती सामावून घेते काय, असा प्रश्न कोन यांनी स्वतःला विचारला.

पॅरिसमध्येच असलेले तरुण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पिअर होहेनबर्ग यांच्या साथीने त्यांनी या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर सिद्ध केले. न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेतील कोणत्याही इलेक्ट्रॉन-समूहाची घनता ठाऊक असली, तर तो समूह कोणत्या अणुकेंद्रांच्या प्रभावाखाली आहे हे निश्चित होते. अणुकेंद्रे निश्चित झाली की समीकरण निश्चित होते आणि समीकरणासोबत पदार्थाचे इतर सर्व गुणधर्मही ठरतात. घनतेच्या नकाशात अणुकेंद्राच्या जागी टोकदार शिखर दिसते, शिखराच्या उतारावरून त्या केंद्राचा विद्युतभार कळतो आणि एकूण बेरजेवरून इलेक्ट्रॉनांची संख्या कळते, असे म्हटले तर या विधानातील तथ्य ध्यानात येते. नोव्हेंबर १९६४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधातील सिद्धता थोड्याच ओळींची आहे.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे होते. इलेक्ट्रॉन दहा असोत वा दहा हजार, घनता ही तीन दिशांवरच अवलंबून असणारी राशी आहे. वरील उदाहरणात तिच्यासाठी प्रत्येक वेळी १,००० नोंदीच पुरतात. मात्र प्रमेयाने एक गोष्ट खुली ठेवली होती. घनतेवरून ऊर्जा मिळवून देणारे सूत्र, ज्याला गणितात 'फलनक' म्हणतात, अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले. त्याचे नेमके रूप मात्र मिळाले नाही.

हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमधून पीएच.डी. घेऊन सॅन दिएगोला आलेले लू ज्यू शॅम यांच्यासह कोन यांनी १९६५ मध्ये पुढचे पाऊल टाकले. परस्परांना ढकलणाऱ्या प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनांच्या जागी, परस्परांची दखल न घेणारे पण नेमकी तीच घनता देणारे काल्पनिक इलेक्ट्रॉन त्यांनी कल्पिले. अशा इलेक्ट्रॉनांची समीकरणे एकेक करून सोडवता येतात. ऊर्जेचा बहुतांश भाग या मार्गाने अचूक मिळतो आणि अज्ञात भाग तुलनेने लहान उरतो. या उरलेल्या भागासाठी त्यांनी एक सोपी अंदाजपद्धती सुचविली : पदार्थातील प्रत्येक बिंदूपाशी, तेवढ्याच घनतेचा एकसारखा पसरलेला इलेक्ट्रॉन-वायू असता तर त्याची जी ऊर्जा असती, ती घ्यावी.

इतकी ढोबळ कल्पना उपयोगी पडेल, अशी अपेक्षा अनेकांना नव्हती. प्रत्यक्षात तिच्या साहाय्याने स्फटिकांमधील अणूंची अंतरे प्रयोगाच्या एक-दोन टक्क्यांच्या आत मिळू लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील संशोधकांनी, प्रचंड दाबाखाली सिलिकॉनची रचना कशी बदलते हे या पद्धतीने दाखवून दिले. रेणूंच्या बाबतीत ही अंदाजपद्धती उणी पडत असल्याने रसायनशास्त्रज्ञ दीर्घकाळ साशंक राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुधारित फलनके उपलब्ध झाल्यावर तेही या सिद्धांताकडे वळले.

प्रकाशाने उभा केलेला प्रश्न

या सिद्धांताची खरी कसोटी प्रकाशाच्या संदर्भात लागली. अर्धसंवाहक व निरोधक पदार्थांमध्ये इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जापट्टा आणि त्यावरील रिकामा पट्टा यांमध्ये एक मोकळे अंतर असते. त्याला 'बँड गॅप' म्हणजे ऊर्जांतर म्हणतात. प्रकाशकणाची ऊर्जा या अंतरापेक्षा कमी असली तर तो पदार्थातून आरपार निघून जातो. अधिक असली तर तो शोषला जाऊन इलेक्ट्रॉनाला वरच्या पट्ट्यात ढकलू शकतो. दृश्य प्रकाशकणांची ऊर्जा साधारणतः १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हिऱ्याचे ऊर्जांतर सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने तो पारदर्शक दिसतो. कॅडमियम सल्फाइडचे ऊर्जांतर सुमारे २.४ असल्याने ते निळा व जांभळा प्रकाश शोषते आणि पिवळे दिसते. सिलिकॉनचे ऊर्जांतर सुमारे १.१ आहे, त्यामुळे ते संपूर्ण दृश्य प्रकाश शोषू शकते आणि सौरघटासाठी योग्य ठरते.

कोन व शॅम यांच्या समीकरणांमधून, वर सांगितलेली साधी अंदाजपद्धती वापरून, सिलिकॉनचे ऊर्जांतर काढले असता ते सुमारे ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे प्रत्यक्षाच्या निम्मेच येते. जर्मेनियमच्या बाबतीत तर हे अंतर जवळजवळ नाहीसेच होते आणि अर्धसंवाहक धातूसारखा भासू लागतो. अणूंची अंतरे टक्क्या-दोन टक्क्यांपर्यंत बिनचूक सांगणारी पद्धत पदार्थाचा रंग सांगताना इतकी चुकते, ही बाब संशोधकांना अस्वस्थ करणारी होती.

या तफावतीचे एक कारण सिद्धांताच्या मर्यादेतच आहे. मूळ प्रमेय न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेपुरते सिद्ध झालेले आहे, तर प्रकाश शोषला जाताच पदार्थ उत्तेजित अवस्थेत जातो. समीकरणांतील काल्पनिक इलेक्ट्रॉन केवळ घनता अचूक मिळावी म्हणून योजलेले असतात. त्यांच्या ऊर्जापातळ्या म्हणजे प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या नव्हेत. १९८३ मध्ये जॉन पर्ड्यू व मेल लेव्ही यांनी, तसेच स्वतः शॅम व मायकेल श्ल्यूटर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, अज्ञात फलनकाचे अचूक रूप सापडले तरी ऊर्जांतराच्या या हिशेबात तफावत राहू शकते.

उपाय दोन टप्प्यांत सापडला. स्वीडनचे लार्स हेडीन यांनी १९६५ मध्येच एक पद्धत सुचविली होती. पदार्थात शिरलेल्या इलेक्ट्रॉनाभोवती इतर इलेक्ट्रॉन दूर सरतात आणि त्याचा प्रभाव झाकला जातो. हा परिणाम तिच्यात हिशेबात धरला जातो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मार्क हायबर्टसन व स्टीव्हन लुई यांनी घनता-फलनक सिद्धांताची उत्तरे आरंभबिंदू म्हणून घेऊन ही पद्धत प्रत्यक्ष स्फटिकांना लागू केली, तेव्हा सिलिकॉन व जर्मेनियम यांची ऊर्जांतरे प्रयोगाशी जुळून आली. दुसरा टप्पा शोषणानंतरच्या घटनेचा होता. वर गेलेला ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली, धनभारासारखी वागणारी रिकामी जागा एकमेकांना आकर्षितात. त्यांच्या या जोडीला 'एक्सायटॉन' म्हणतात. सिलिकॉनमध्ये हे आकर्षण क्षीण असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या एका थराच्या पदार्थात ते इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही दशांशांइतके प्रबळ असते आणि त्याचे शोषणपट त्याशिवाय समजतच नाही. या जोडीसह प्रकाशशोषणाचे गणित करण्याच्या पद्धती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाल्या.

काळानुसार बदलणाऱ्या घनतेचा विचार करून प्रकाशाचा प्रश्न हाताळण्याचा दुसरा मार्गही विकसित झाला. या मार्गाच्या आरंभीच्या पायाभरणीत बिद्येंदु मोहन देब आणि स्वपनकुमार घोष या भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा समावेश होतो. देब त्या काळी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत होते, तर घोष यांची पुढील कारकीर्द मुंबईतीलच भाभा अणुसंशोधन केंद्रात घडली. १९८४ मध्ये एरिक रुंगे व एबरहार्ड ग्रोस यांनी या मार्गाचे सर्वसाधारण प्रमेय सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ग्रोस यांच्यासह कोन यांनी त्यासंबंधीचा महत्त्वाचा निबंध लिहिला.

ऊर्जांतराच्या या प्रश्नाचे आजच्या काळात थेट व्यावहारिक महत्त्व आहे. सौरघटाची कार्यक्षमता त्याच्या द्रव्याच्या ऊर्जांतरावर अवलंबून असते. कोन यांनी ज्यांच्या हाताखाली काम केले त्या शॉकली यांनीच हान्स क्वाइसर यांच्यासह १९६१ मध्ये दाखवून दिले होते की, एकाच द्रव्याच्या सौरघटासाठी सुमारे १.१ ते १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके ऊर्जांतर सर्वाधिक लाभदायक असते. संगणकाद्वारे हजारो संयुगांची चाळणी लावताना अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक झाली, तर उपयुक्त द्रव्य बाद ठरते आणि निरुपयोगी द्रव्य पुढे जाते. म्हणून साध्या पद्धतीने पहिली निवड करून, आश्वासक वाटणाऱ्या द्रव्यांसाठी अधिक खर्चिक गणिते करण्याचा प्रघात रूढ झाला आहे.

सन्मान व उत्तरायुष्य

कोन १९७९ मध्ये सँटा बार्बरा येथील सैद्धांतिक भौतिकी संस्थेचे पहिले संचालक झाले. १९८८ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन पोपल यांच्यासह विभागून देण्यात आले. पोपल यांनी पुंजयामिकीवर आधारित रासायनिक गणिते सामान्य संशोधकाला करता येतील अशा संगणकीय पद्धती घडवल्या होत्या. टोरांटोमध्ये रसायनशास्त्राच्या इमारतीबाहेर थांबावे लागलेल्या विद्यार्थ्याला अर्धशतकानंतर त्याच शास्त्राचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

सिद्धांताच्या प्रसाराची कल्पना एका गणनेवरून येते. 'नेचर' या नियतकालिकाने २०१४ मध्ये आजवर सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी प्रसिद्ध केली. त्यातील १२ निबंध घनता-फलनक सिद्धांताशी संबंधित होते आणि त्यांपैकी दोन पहिल्या दहांत होते.

उत्तरायुष्यात कोन यांनी सौरऊर्जेच्या प्रसाराचे कार्य हाती घेतले. सौरघटामागील विज्ञान विद्यार्थ्यांना व सर्वसामान्यांना समजावे म्हणून २००५ मध्ये पूर्ण झालेल्या 'द पॉवर ऑफ द सन' या माहितीपटाच्या निर्मितीत त्यांनी पुढाकार घेतला. १९ एप्रिल २०१६ रोजी सँटा बार्बरा येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रमेयाने अस्तित्व सिद्ध केलेले ते फलनक अद्याप कोणाला संपूर्ण रूपात सापडलेले नाही. त्याच्या अधिकाधिक जवळ जाणारी रूपे शोधण्याचे काम जगभरातील प्रयोगशाळांमध्ये सुरू असून, अलीकडे त्यासाठी यंत्रशिक्षणाचाही अवलंब केला जात आहे. दरम्यान, उपलब्ध अंदाजपद्धतींच्या बळावर नव्या पदार्थांचा शोध प्रयोगशाळेच्या भट्टीआधी संगणकाच्या पटलावर सुरू होतो. तेथे मिळालेले उत्तर कोणत्या गुणधर्मासाठी विश्वासार्ह आहे आणि कोणत्या गुणधर्मासाठी पुढील गणिताची गरज आहे, हे ओळखणे आजच्या पदार्थसंशोधकाचे प्रमुख कौशल्य ठरले आहे.